मांजर, वार्ताहर आणि बकऱ्याचा ‘खून’

आमच्या गावातल्या रद्दीवाल्याकडे पुस्तके किलोवर मिळतात. जुनी गाईडे, वह्या, बंद पडलेल्या मासिकांचे गठ्ठे आणि कधीमधी एखादे इंग्रजी पुस्तक. इंग्रजीला तो वेगळा भाव लावत नाही. कागद सारखाच, असे त्याचे म्हणणे. अशाच एका ढिगात दोन वर्षांपूर्वी आम्हाला मुखपृष्ठावर मांजर असलेली, कोपरे कुरतडलेली एक कादंबरी मिळाली. धाकट्या मुलीला मांजरांचे वेड, म्हणून उचलली. घरी आणल्यावर कळले की आत खून आहे.

‘पोरांसाठी हे काय उचलून आणलंत?’ स्वयंपाकघरातून विचारणा झाली. आम्ही म्हटले, आधी वाचून बघतो. बीएडच्या वेळी इंग्रजीशी जेवढी दोस्ती झाली होती तेवढ्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन बसलो. आठवड्यात पुस्तक संपले. पुढे एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून त्याच मालिकेतली आणखी सात-आठ पुस्तके मागून आणली. आता रात्री जेवण झाले, दस्तरखान उचलला, की आम्ही त्यातली एकेक गोष्ट घरात मराठीत सांगतो. मूळ आक्षेप घेणाऱ्या बाईच आता सर्वांत आधी येऊन बसतात आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेतात.

पुस्तकाचे नाव ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स’. उलटे वाचणारे मांजर. लेखिका लिलियन जॅक्सन ब्रॉन, अमेरिकेतल्या. सुमारे तीस वर्षे त्यांनी ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या दैनिकात नोकरी केली. म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीत काय चालते, कोण कोणाच्या टेबलावर काय ढकलतो, हे त्यांना ऐकीव नव्हते. त्यांच्या गोष्टीतला गुप्तहेर पोलीस नाही, वकील नाही, तल्लख बुद्धीचा श्रीमंत तरुणही नाही. तो वार्ताहर आहे. नाव जिम क्विलरन. वय पन्नाशीकडे झुकलेले, घटस्फोट झालेला, दारूपायी चांगली नोकरी घालवलेला आणि आता दारू कायमची सोडून पार्टीत टोमॅटोचा रस मागणारा. एके काळी हा नामांकित गुन्हे वार्ताहर होता. नव्या दैनिकात त्याला जागा मिळते ती चित्रकलेच्या बातम्यांवर. चित्रकलेतले त्याला ओ का ठो कळत नाही. संपादक म्हणतात, म्हणूनच तुला घेतले.

त्याच्या नावाची एक गंमत आहे. इंग्रजीत क्यू या अक्षरानंतर यू येतो, हे आम्ही पाचवीपासून शिकवतो. याच्या नावात क्यूनंतर डब्ल्यू आहे. जो तो चुकीचे लिहितो आणि तो जन्मभर दुरुस्त करत राहतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे दुःख समजेल. जन्मदाखल्यावर ‘शैख’, आधारवर ‘शेख’ आणि बोर्डाच्या फॉर्मवर भलतेच काही, अशी नावे निस्तरण्यात दर वर्षी आमचा जानेवारी जातो.

चित्रकलेच्या पानावर काम करता करता एका गॅलरीच्या मालकाचा खून होतो आणि क्विलरन पुन्हा आपल्या जुन्या वाटेवर येतो. त्याच्यासोबत असतो कोको नावाचा सयामी बोका. पुढच्या पुस्तकात यमयम नावाची मांजरीही येते. हा कोको वर्तमानपत्राच्या मथळ्यावर नाक ठेवतो आणि उजवीकडून डावीकडे सरकवत नेतो. उलटे वाचतो म्हणून अमेरिकेत त्याचे कोण कौतुक! आम्ही हे घरात सांगितले तेव्हा सातवीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘अब्बू, यात उलटं काय? तो उर्दू वाचतोय.’

खरे सांगायचे तर आम्ही या मालिकेच्या मोहात पडलो तो मांजरामुळे नव्हे, गावामुळे. पहिली चार पुस्तके मोठ्या शहरात घडतात. १९८७ साली आलेल्या पाचव्या पुस्तकात क्विलरन दूर उत्तरेकडच्या मूस काउंटीत राहायला जातो. पुढे त्याला तिथली अफाट इस्टेट वारसाने मिळते, पण अट अशी की पाच वर्षे तिथेच राहायचे. त्या गावाचे नाव पिकॅक्स. पिकॅक्स म्हणजे टिकाव, खाणीत काम करणाऱ्यांचा. आपल्याकडे असते तर टिकावपूर म्हटले असते. खाणी कधीच बंद पडल्या आहेत, उरली आहेत दगडी घरे आणि लोकसंख्या तीन हजार. बाकीच्या साऱ्या जगाला तिथले लोक ‘खालचा मुलूख’ म्हणतात आणि खालच्या मुलखातून आलेल्या माणसाकडे आधी डोळे बारीक करून पाहतात. क्विलरन स्वतःच खालच्या मुलखातला.

तीन हजार वस्तीच्या गावात वीसहून अधिक पुस्तके घडतात आणि पुस्तकागणिक किमान एक मुडदा पडतो. आमच्या मोठ्या मुलाने हिशेब मांडून सांगितले की अशा गावात घर घेणे शहाणपणाचे नाही. पण ही या प्रकाराची रीतच आहे आणि वाचक ती हसून मान्य करतो. हसू येते ते मुडद्यावरून नाही. खून बहुधा पानाच्या आडच होतो, रक्ताचे वर्णन नाही, मारझोड नाही. तेवढ्यासाठी तरी ही पुस्तके घरात ठेवायला हरकत नाही. हसू येते ते गावाच्या डौलावर. गावच्या दैनिकाचेच नाव पाहा: ‘मूस काउंटी समथिंग’, म्हणजे मूस काउंटीचे काहीतरी! तिथे समित्या आहेत, स्पर्धा आहेत, हौशी नाटके आहेत, मोठ्या घराण्यांचे जुने वाद आहेत. नाश्त्याच्या हॉटेलात, टपाल कचेरीत, ग्रंथालयात एकच बातमी तीन रूपांत फिरते आणि संध्याकाळपर्यंत चौथे रूप जन्माला येते. पोलीस प्रमुख रात्री क्विलरनकडे गप्पा मारायला येतात आणि जे सांगायचे नाही ते सांगून जातात. लाखोंचा वारस झालेला हा माणूस आठवड्यातून दोनदा सदर लिहितो आणि उरलेला वेळ कोकोला काय आवडेल या काळजीत घालवतो. कोको साधे खाणे हुंगूनही पाहत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अशा गावातला गुप्तहेर वार्ताहरच का असावा? पोलीस दारात आला की माणूस आधी बायकोकडे बघतो आणि मग ‘मला काही माहीत नाही’ म्हणतो. वार्ताहर आला की चहा टाकला जातो. फुलांच्या प्रदर्शनात, मयतीत, शाळेच्या गॅदरिंगला, दुकानाच्या उद्घाटनाला त्याला कोणी ‘तुम्ही इथे कसे?’ असे विचारत नाही. प्रश्न विचारणे हा त्याचा उघड धंदा आहे. शिवाय प्रत्येकाच्या पोटात एक गोष्ट असते आणि ती कोणीतरी नीट ऐकून घ्यावी, जमले तर नाव छापून यावे, अशी इच्छा असते. क्विलरनचे सारे कौशल्य ऐकण्यात आहे. तो मध्येच बोलत नाही. समोरचा गप्प झाला तरी घाई करत नाही आणि मग त्या शांततेला कंटाळून समोरचा नको ते बोलून जातो. आम्ही हे वर्गात करून पाहिले आहे. खिडकीची काच कोणी फोडली, असे ओरडून विचारले तर चाळीस मुले मुकी होतात. खुर्चीत शांत बसून राहिले तर तिसऱ्या मिनिटाला दोघे उभे राहतात.

मात्र मालिकेतले एक आम्हाला पटत नाही. कोको कपाटातले पुस्तक पंजाने पाडतो, त्या पुस्तकाच्या नावात गुन्ह्याचा धागा असतो, क्विलरनच्या भरघोस मिशा फुरफुरतात आणि त्याला खुनी कळतो. मिशांना कळले, पण पुरावा? काही पुस्तकांत पुराव्याची वेळच येत नाही, गोष्ट त्याआधीच आटपते. शेवटच्या पुस्तकांत तर कथानक फार विरळ झाले आहे. गणितात उत्तर बरोबर असले आणि रीत मांडलेली नसली तर आम्ही पूर्ण मार्क देत नाही. ब्रॉनबाईंनाही देणार नाही. पण एका गोष्टीसाठी मात्र मार्क वाढवू. मिशा फुरफुरल्या म्हणून क्विलरन लगेच पेपरात छापत नाही. ऐकतो सगळे, लिहितो त्यातले थोडे.

लेखिकेची स्वतःची हकीकत कादंबरीपेक्षा कमी नाही. त्यांच्या पतीने वाढदिवसाला दिलेले सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मेले. शेजारी म्हणाले, पडले नाही, ढकलले. त्या संतापातून आणि दुःखातून त्यांनी एक गोष्ट लिहिली, ती १९६२ साली ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये छापून आली. मग १९६६, १९६७ आणि १९६८ अशी ओळीने तीन पुस्तके. त्यानंतर वारे बदलले. प्रकाशकांना रक्तपात आणि उघडेवाघडेपणा हवा झाला. तो यांच्या लेखणीत नव्हता. अठरा वर्षे पुढचे पुस्तक निघाले नाही. बाईंनी नोकरी केली, निवृत्त झाल्या, आणि १९८६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, चौथे पुस्तक आले. मग थांबल्याच नाहीत. एकूण एकोणतीस कादंबऱ्या, शेवटची २००७ साली. २०११ मध्ये वारल्या तेव्हा वय सत्त्याण्णव. निवृत्तीनंतर काय करायचे म्हणून आमच्या शिक्षकखोलीत जे उसासे चालतात, त्यांना आम्ही हा दाखला देत असतो.

वार्ताहराला गुप्तहेर करण्याची युक्ती ब्रॉनबाईंची नव्हे. फ्रान्समध्ये गास्तों लरू यांनी १९०७ सालीच रुलताबी नावाचा पोरसवदा वार्ताहर उभा केला होता. आतून बंद असलेल्या पिवळ्या खोलीत हल्लेखोर आला कसा आणि गेला कसा, हे पोलिसांना सुटत नाही ते तो सोडवतो. लरू स्वतः कोर्टाच्या बातम्या देणारे वार्ताहर होते. आणि आपल्या घरांत तर असा एक वार्ताहर फार वर्षांपासून राहत आहे. इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’त कर्नल फरीदी आणि हमीद सर्वांना आठवतात, पण त्याच दुनियेत अन्वर नावाचा क्राइम रिपोर्टर आहे आणि त्याची सहकारी रशीदा. दोघांची सतत नोकझोक. अन्वर पोलिसांशी फटकून वागतो, पैशांची त्याला सदा चणचण, आणि तरी पोलिसांना त्याच्याशिवाय करमत नाही. आमच्या वडिलांकडे या कादंबऱ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवलेल्या असत. कुलूप आमच्यासाठी होते. किल्ली कुठे असते हा आम्ही लावलेला पहिला तपास.

इब्ने सफींचे खरे नाव असरार अहमद. १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा या खेड्यात जन्म. १९५२ साली ‘जासूसी दुनिया’ सुरू केली त्याच्या आसपास ते शाळेत शिकवत होते, हे आम्ही फार उशिरा वाचले आणि उगीचच ताठ झालो. त्याच वर्षी ते कराचीला गेले, तरी पुस्तके दोन्हीकडे निघत राहिली. आमच्या गल्लीत उर्दू वाचायला शिकलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी शिकण्याचा कंटाळा सोडला तो याच पुस्तकांपायी. ‘खून कोणी केला’ हे कळेपर्यंत माणूस उच्चार अडला तरी थांबत नाही.

कादंबरीतला वार्ताहर शेवटच्या पानावर जिवंत असतो, ही वाचकाला दिलेली हमी आहे. खऱ्याला ती नसते. कोकणात राजापूरला शशिकांत वारिशे हे ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढे पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. तालुक्याच्या ठिकाणी बातमी लिहिणाऱ्याची अडचण हीच असते. ज्याच्याविषयी लिहायचे तो समोरच्याच रस्त्याने जातो, मुले एकाच शाळेत असतात, लग्नात शेजारी जेवायला बसावे लागते.

शहरात बसलेल्यांना तालुक्याच्या वार्ताहराची कल्पना नसते. बातमीच्या वर ‘वार्ताहर’ एवढेच छापले जाते, नाव क्वचित. मानधन सांगण्यासारखे नसते. तोच जाहिराती गोळा करतो, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या भरतो, काही ठिकाणी पहाटे अंकांचे गठ्ठेही तोच उतरवून घेतो. आमच्या गावातला वार्ताहर झेरॉक्सचे दुकान चालवतो. नाव लिहित नाही, त्याला ते आवडणार नाही. बारीक अंगाचा, कायम घाईत, बोलताना खिशातला पेन काढून परत ठेवणारा माणूस. मिशा आहेत, पण फुरफुरताना आम्ही पाहिल्या नाहीत. मात्र एक तपास त्याने आमच्या डोळ्यांदेखत केला.

पाच-सहा वर्षे झाली असतील. बकरी ईदला आठ दिवस होते. आमच्या गल्लीत एक पेन्शनर चाचा राहतात. त्यांनी वर्षभर पाळलेला तांबडा बकरा, ज्याला गल्लीतली पोरे ‘तहसीलदार’ म्हणत कारण तो कोणाचेच ऐकत नसे, तो रात्रीतून गायब झाला. फजरच्या नमाजला चाचा आले नाहीत तेव्हाच लोकांना कळले की काहीतरी मोठे घडले आहे. सकाळी चहाच्या हॉटेलात बातमी होती: बकरा चोरीला गेला. दहा वाजता: बकरा चोरून कापला. जोहरपर्यंत गल्लीमागच्या पडक्या भिंतीपाशी रक्त सापडले. लोक रांगेने जाऊन पाहून आले. आम्हीही गेलो, कशाला खोटे बोला. भिंतीवर लाल ओघळ होते आणि चार शहाणी माणसे त्यांच्याकडे बघून ‘गरम रक्तच असं उडतं’ असे सांगत होती.

तहसीलदाराचा खून झाला हे ठरले. राहिला खुनी. त्याला फार वेळ लागला नाही. आमच्या शाळेत नववीत एक मुलगा होता. बाप भंगार गोळा करायचा, कुटुंब वर्षभरापूर्वीच दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, ओढ्याकाठी भाड्याच्या पत्र्यात राहत होते. शाळा सुटली की मुलगा बापाबरोबर हातगाडी ढकलायचा. आता हातगाडीवर बकरा मावतो, हा पुरावा. ते बाहेरचे आहेत, हा दुसरा. आणि तिसरा, कोणीतरी त्याला रात्री चाचांच्या अंगणाजवळ पाहिले होते. त्या ‘कोणीतरी’चे नाव विचारले की दर वेळी पुढचा माणूस आणखी एकाचे नाव घेई. अस्रपर्यंत मुलाचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरला. तो आमच्याच गॅदरिंगचा फोटो होता, त्यात त्याने नाटकात चोराचे काम केले होते. काम आम्हीच दिले होते.

संध्याकाळी दहा-बारा तरुण त्या पत्र्याच्या घराकडे निघाले. आम्ही, मशिदीचे इमामसाहेब आणि दोन बुजुर्ग मध्ये पडलो. हाणामारी झाली नाही. पण हातगाडी उलटी केली गेली, घरातले सामान बाहेर काढून पाहिले गेले. मुलाची आई दारात उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. मुलगा आमच्याकडे बघत होता.

वार्ताहर तिथे आला तो दुकान बंद करून, रात्री आठला. कोणी त्याला म्हटले, ‘फोटो घ्या, उद्या छापा, बकरा चोर पकडला.’ त्याने पेन काढला, परत ठेवला आणि विचारले, ‘पाहिलं कोणी? किती वाजता?’ उत्तर आले, रात्री दोनच्या सुमारास, चाचांच्या अंगणाजवळ, तोंड स्पष्ट दिसले. तो म्हणाला, ‘काल एक ते चार लाईट नव्हती. मी सबस्टेशनला फोन करून वेळ लिहून घेतलीय, बातमी द्यायची होती म्हणून. अमावस्येच्या मागेपुढे अंधारात तोंड स्पष्ट कसं दिसलं?’ खरे तर ईदच्या चंद्राचे हिशेब आम्ही आठ दिवस करत होतो, पण हा साधा हिशेब कोणाला सुचला नव्हता. लोक गप्प झाले. म्हणजे पटले म्हणून नव्हे, उत्तर शोधत होते.

मग तो चाचांच्या अंगणात गेला आणि आम्ही बॅटरी धरून मागे. खुंटीला दोरीचा तुकडा तसाच होता. सकाळपासून शंभर लोकांनी ती खुंटी पाहिली होती, दोरी कोणी हातात घेतली नव्हती. सुरीने कापली असती तर टोक सरळ असते. ते चघळलेले होते, धागे ओले होऊन वाळलेले. तो भिंतीपाशीही गेला, बोटाने ओघळ खरवडून हुंगला आणि म्हणाला, ‘सर, कात आहे. पान.’ ज्या गृहस्थांनी गरम रक्ताचा निर्वाळा दिला होता ते रोज तिथेच उभे राहून पान थुंकतात, हे मग आम्हाला आठवले.

बकरा तिसऱ्या दिवशी सापडला. गल्लीच्या टोकाला लग्नाच्या हॉलचे बांधकाम चालू होते, जिन्याला कठडा नव्हता. पहिल्या पायरीवर लेंड्या वार्ताहरानेच पाहिल्या. तहसीलदारसाहेब तिसऱ्या मजल्यावर होते. चढून गेले होते, उतरायचे धाडस होत नव्हते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतली सहा पोती त्यांनी फाडली होती आणि पाण्याच्या टाकीजवळ निवांत बसले होते. चार माणसांनी उचलून खाली आणले तेव्हा गल्लीत वरात निघावी तसा गलका झाला. सगळे हसले. चाचा रडले. ज्याने ‘पाहिले’ होते तो सर्वांत पुढे उभा राहून बकऱ्याबरोबर फोटो काढून घेत होता.

ग्रुपवर बकऱ्याचा फोटो आला, शंभरावर अंगठे आले. मुलाचा आधीचा फोटो तसाच वर राहिला. ‘माफ करा’ असे कोणी लिहिले नाही. आम्हीही दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिले. तेव्हा बऱ्याच जणांनी ग्रुप शांत करून ठेवला होता.

वार्ताहराने बातमी दिली. वरिष्ठांनी ‘तीन मजले चढला बकरा’ असे हसवणारे शीर्षक घातले आणि बातमी कापून आठ ओळींची केली. शेवटचे वाक्य कापू नका म्हणून तो फोनवर भांडला, हे त्याच्या दुकानात झेरॉक्स काढत असताना आम्ही स्वतः ऐकले. ‘बकऱ्याची गोष्ट नका छापू एकवेळ, पण ते वाक्य ठेवा,’ असे तो म्हणत होता. वाक्य छापून आले. चोरीचा संशय घेण्यात आलेल्या कुटुंबाचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता, असे ते होते. नाव नव्हते, आणि ते बरोबरच होते.

मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. ईद झाली. पंधरा दिवसांनी त्याचा बाप दाखला घ्यायला आला. कुठे जाणार विचारले तर म्हणाला, बायकोच्या भावाकडे, तिथे शाळा जवळ आहे. दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ लिहितात. आम्ही मुख्याध्यापकांना सांगून ‘उत्तम’ लिहवून घेतले. तो सही करून उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

‘सर, ते पेपरात आलं होतं म्हणे. आमच्याकडे पेपर येत नाही.’

आमच्याकडे कात्रण होते. ते दिले. त्याला वाचता येत नव्हते. कोणती ओळ ते त्याने बोटाने दाखवायला सांगितले, आम्ही दाखवली. मग त्याने पिशवीतून रेशनकार्डाचे प्लास्टिक काढले, कात्रण दोनदा घडी घालून त्यात मुलाच्या दाखल्याला लागून ठेवले आणि वरून रबर लावले.